खोडदच्या तबकड्यांमागचा माणूस

प्रश्न : नारायणगावहून खोडदकडे जाताना शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या जाळीच्या प्रचंड तबकड्या मी लहानपणापासून पाहते आहे. त्या गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञाने उभारल्या, एवढंच शाळेत कळलं. मला दुर्बिणीपेक्षा त्या माणसाबद्दल जास्त कुतूहल आहे. ते या विषयाकडे वळले कसे? त्यांचं रोजचं काम नेमकं काय असायचं? परदेशात चांगलं चाललेलं असताना ते परत का आले? आणि इतकी वर्षं एकाच कामाला चिकटून राहायला माणसाला प्रेरणा कुठून मिळते?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर हवं. शास्त्रज्ञ म्हटला की आपल्याला त्याचे पुरस्कार सांगितले जातात, काम कसं चालतं ते क्वचितच सांगितलं जातं. म्हणून पुरस्कार बाजूला ठेवून कामाबद्दलच लिहितो.

ते या विषयाकडे वळले कसे?

एका भाषणामुळे आणि त्यानंतर ग्रंथालयात केलेल्या वाचनामुळे.

गोविंद स्वरूप यांचा जन्म २३ मार्च १९२९ रोजी उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वारा या गावी झाला. अलाहाबाद विद्यापीठातून १९५० साली ते भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथले संचालक होते के. एस. कृष्णन, रामन परिणामाच्या शोधात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याबरोबर काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी या तरुणाला सूक्ष्मलहरींवर चालणारं एक उपकरण उभं करायला सांगितलं. बाजारात तसं यंत्र मिळत नव्हतं, तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या रडारचे सुटे भाग हाताशी घेऊन ते बनवायचं होतं. मिळेल त्या साहित्यातून उपकरण उभं करण्याचा हा पहिला धडा स्वरूप यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडला.

१९५२ साली सिडनीत रेडिओविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कृष्णन तिला हजर होते. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपून ऑस्ट्रेलियातल्या तरुण संशोधकांनी जे काम चालवलं होतं, ते पाहून ते भारावून परतले आणि प्रयोगशाळेत त्यावर बोलले. ऐकणाऱ्यांत स्वरूप होते. भाषण संपल्यावर त्यांनी ग्रंथालयात जाऊन त्या गटाचे शोधनिबंध काढून वाचले. विषय अगदी नवा होता, त्यातले मोठे प्रश्न अजून कुणी सोडवले नव्हते आणि त्यासाठी लागणारं रेडिओतंत्र त्यांना येत होतं. कृष्णन यांनी कोलंबो योजनेतून दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीची व्यवस्था केली आणि १९५३ मध्ये स्वरूप सिडनीला पोचले.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. भाषण अनेकांनी ऐकलं असेल. स्वरूप त्यानंतर ग्रंथालयात गेले, आणि त्यांचा ध्यास ओळखून त्यांच्यासाठी वाट मोकळी करणारा वडीलधारा माणूस जवळच होता. प्रेरणेला या दोन्ही गोष्टी लागतात.

त्यांचं रोजचं काम नेमकं काय असायचं?

सिडनीतल्या कामाचंच उदाहरण देतो. तिथे पॉट्स हिल या ठिकाणी क्रिस्टियनसन या शास्त्रज्ञाने प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या रांगेने उभ्या केल्या होत्या. सूर्यबिंबाचा कोणता भाग रेडिओलहरींत किती उजळ आहे, हे त्यांना शोधायचं होतं. अडचण अशी की एका वेळी सूर्याच्या एका अरुंद पट्टीचीच नोंद मिळे. दिवसभरात वेगवेगळ्या कोनांतून अशा पट्ट्यांच्या नोंदी घ्यायच्या आणि गणिताने त्या एकत्र आणून पूर्ण बिंबाचा नकाशा तयार करायचा. आज संगणक हे काम क्षणात करतो. तेव्हा आकडेमोड माणसं करत, आणि ती महिनोन् महिने चाले. स्वरूप यांच्या वाट्याला तेच काम आलं होतं.

त्यांचे प्रमुख जोसेफ पॉसी यांनी भारतातून आलेल्या दोघांना, म्हणजे स्वरूप आणि पार्थसारथी यांना, आधी वेगवेगळ्या गटांत काही काही महिने कामाला लावलं. नंतर दोघांनी मिळून स्वतःचा प्रयोग करावा अशी मुभा दिली. त्यांनी त्याच ३२ तबकड्या २१ सेंटिमीटरऐवजी ६० सेंटिमीटर तरंगलांबीसाठी बदलून घेतल्या. या तरंगलांबीला सूर्यबिंबाची कड उजळ दिसते की नाही, यावर त्या वेळी मतभेद होते. केंब्रिजमधल्या निरीक्षणांत ती उजळ दिसली नव्हती, आणि सिद्धांत सांगत होता की दिसायला हवी. या दोघांच्या मोजमापांत ती दिसली.

तेव्हा रोजचं काम म्हणजे अँटेनाची जुळणी करणं, केबलची लांबी तपासणं, नोंदी घेणं, नोंद बिघडली तर कारण शोधणं आणि पुन्हा मोजणं. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्रेसवेल यांच्या हाताखाली पीएच.डी. करतानाही त्यांनी असाच एक व्यवहारी प्रश्न सोडवला. दूरदूरच्या अँटेनांचे संदेश एकत्र आणायचे तर ते एकाच तालात यायला हवेत. पण मधली केबल उन्हाने तापली की ताल चुकतो. स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांग यांनी अशी युक्ती काढली की केबलमधून एक संदेश अँटेनापर्यंत पाठवायचा, तिथून तो खूण करून परत आणायचा, आणि जाऊन-येऊन त्यात किती फरक पडला ते मोजायचं. १९६१ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींमध्ये ती वापरली गेली. नवा तारा सापडल्याची बातमी होते, तशी केबलच्या तालाची होत नाही. मात्र असे बारीक प्रश्न सुटल्याशिवाय मोठे शोध लागत नाहीत.

परदेशात चांगलं चाललेलं असताना ते परत का आले?

त्यांना आपल्या देशात हे शास्त्र उभं करायचं होतं, आणि तो विचार त्यांच्या मनात अगदी सुरुवातीपासून होता. सिडनीतल्या त्या ३२ तबकड्या लवकरच निकामी म्हणून काढल्या जाणार आहेत हे कळल्यावर त्यांनी त्या भारताला देण्याची विनंती केली, आणि पॉसी यांनी ती मान्यही केली. १९५५ मध्ये स्वरूप दिल्लीला परतले, पण तबकड्या येईनात. वाहतुकीचा खर्च कुणी करायचा यातच दिवस गेले. मग ते पुन्हा बाहेर पडले. आधी टेक्सासमधलं हार्वर्ड विद्यापीठाचं केंद्र आणि नंतर स्टॅनफर्ड.

ऑगस्ट १९६१ मध्ये अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन झालं. तिथे चार भारतीय एकत्र बसले : टी. के. मेनन, मुकुल कुंडू, टी. कृष्णन आणि गोविंद स्वरूप. भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारावा, आम्ही परत यायला तयार आहोत, असा प्रस्ताव त्यांनी देशातल्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या धुरीणांना पाठवला. सर्वांत ठाम उत्तर मुंबईहून आलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेनेच कळवलं की गट स्थापन करायचं ठरलं आहे. स्टॅनफर्डमधली प्राध्यापकी सोडून १९६३ साली स्वरूप मुंबईत आले. चौघांत पहिले तेच परतले.

त्या ३२ तबकड्या तोवर दिल्लीला पोचल्या होत्या. त्या मागवून घेऊन स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची दुर्बीण उभारली आणि सूर्याची निरीक्षणं सुरू केली. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची पहिली पिढी या दुर्बिणीवर काम शिकली. परत येण्याचं कारण विचाराल तर मी म्हणेन, इथे आल्यावर काय करायचं याचा नकाशा त्यांच्याकडे तयार होता, आणि त्यावर विश्वास ठेवणारी संस्था मिळाली. देशप्रेमाला कामाची निश्चित दिशा मिळाली की माणूस टिकतो.

अडचणींवर मात कशी करत?

हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण प्रेरणेकडे वळण्याआधी त्याचं उत्तर द्यावंच लागेल. स्वरूप यांच्या दोन मोठ्या कल्पना टंचाईतून जन्मल्या आहेत.

पहिली कल्पना उटीची. १९६३ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध वाचला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने एक आकाशस्थ रेडिओस्रोत चंद्राआड जाताना टिपला होता. चंद्र केव्हा कुठे असतो हे आपल्याला अचूक ठाऊक आहे. त्यामुळे स्रोत नेमका कोणत्या क्षणी झाकला गेला हे कळलं की त्याची जागा काटेकोर ठरवता येते, आणि झाकताना संदेश कसा मंदावतो त्यावरून त्याचा आकारही समजतो. याला चंद्रपिधान म्हणतात. पहिल्या क्वासारची ओळख याच मार्गाने पटली होती. स्वरूप यांच्या मनात आलं, ही पद्धत शेकडो अंधूक स्रोतांना लावता आली तर? त्यासाठी प्रचंड पृष्ठभागाची, चंद्राच्या मागे तासन् तास फिरू शकणारी दुर्बीण हवी होती, आणि ती परवडायलाही हवी होती.

त्यांनी काढलेलं उत्तर आजही थक्क करतं. पृथ्वी आपल्या अक्षाभोवती फिरते म्हणून आकाश सरकताना दिसतं. दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, तर ती त्या एकाच अक्षाभोवती उलट दिशेने सावकाश फिरवली की पुरे, स्रोत नजरेतून सुटत नाही. समांतर ठेवायचं म्हणजे अक्ष त्या जागेच्या अक्षांशाएवढ्या कोनात, उत्तरेकडे चढता कलवायचा. दक्षिण भारतात अक्षांश लहान, म्हणून कलही लहान. तेव्हा तेवढ्याच उताराचा डोंगर शोधायचा आणि दुर्बीण त्याच्या अंगावर निजवायची! नकाशे धुंडाळून उटीजवळ मुथोराई गावी सुमारे ११ अंश उताराची टेकडी सापडली, आणि तिथला अक्षांशही तेवढाच आहे. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी ती दुर्बीण १९७० मध्ये कामाला लागली. तिचा परावर्तक पोलादाच्या बारीक तारांचा आहे, आणि सलग साडेनऊ तास ती एखाद्या स्रोताचा माग काढू शकते. ती भारतातच आखली आणि बांधली गेली. तिला पाठबळ देणारे भाभा मात्र जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांना ती पुरी झालेली पाहता आली नाही.

या दुर्बिणीने पुढच्या काळात सुमारे हजार रेडिओस्रोतांची मोजमापं दिली. त्यांच्या आधारे स्वरूप आणि त्यांचे विद्यार्थी विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं की अधिकाधिक अंधूक स्रोतांचा आकार ज्या रीतीने बदलत जातो, ते पाहता विश्व काळानुसार बदलत आलं आहे. हा निष्कर्ष महास्फोट सिद्धांताच्या बाजूचा होता. त्या वेळी टाटा संस्थेतच डॉ. जयंत नारळीकर होते, आणि फ्रेड हॉयल यांच्याप्रमाणे ते स्थिर स्थिती विश्वाच्या सिद्धांताचा पुरस्कार करत. म्हणजे एकाच संस्थेत दोन विरुद्ध मतं नांदत होती. पुढे नारळीकरांनी उभारलेलं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र आणि स्वरूप यांनी उभारलेलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दोन्ही पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी वाढली. विज्ञानातल्या मतभेदाचं हे चित्र आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवं.

दुसरी कल्पना तुम्ही रोज पाहता ती. त्याआधी एक योजना मनासारखी झाली नव्हती. विषुववृत्तावर, केनिया किंवा इंडोनेशियात, उटीच्या कितीतरी पट मोठी दुर्बीण बांधायचा त्यांचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत राहिला आणि प्रत्यक्षात आला नाही. स्वरूप थांबले नाहीत. उटीच्या दुर्बिणीला दूरवरच्या छोट्या अँटेना जोडून त्यांच्या गटाने अनेक अँटेना एकत्र चालवण्याचं तंत्र हस्तगत केलं. त्यातून १९८४ च्या सुमारास जीएमआरटीची, म्हणजेच खोडदच्या दुर्बिणीची, कल्पना पुढे आली : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत, बाकी १६ इंग्रजी 'वाय'सारख्या तीन भुजांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. सगळ्यांचे संदेश एकत्र आणले की त्या तेवढ्या पसाऱ्याच्या एका दुर्बिणीइतकं बारीक पाहू शकतात.

भरीव पत्र्याची ४५ मीटरची तबकडी वाऱ्याला अडवते, म्हणून तिला जड सांगाडा लागतो आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. स्वरूप यांनी जाळी निवडली. लहरीची लांबी २१ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या भोकांतून ती निसटत नाही, परावर्तितच होते. वारा मात्र आरपार जातो. बाजेच्या चौकटीवर सुंभ ताणून बसवतात, तशा १६ अन्वस्त कमानींमध्ये पोलादी दोर ताणले आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी बसवली. सांगाडा हलका झाला, खर्च उतरला आणि एरवी परवडल्या नसत्या अशा ३० तबकड्या उभ्या राहिल्या. जागा म्हणून खोडद निवडताना डोंगरांचा आडोसा, रेडिओ गोंगाटाचं कमी प्रमाण आणि पुण्या-मुंबईशी जवळीक या गोष्टी पाहिल्या गेल्या. तुमच्या गावाशेजारची शांतता हीसुद्धा या दुर्बिणीची सामग्री आहे. मोटारीच्या इंजिनातली ठिणगी, विजेच्या तारांवरची गळती, मोबाइल टॉवर या साऱ्यांचा आवाज आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींपेक्षा फार मोठा असतो.

इतकी वर्षं एकाच कामाला चिकटून राहायला प्रेरणा कुठून मिळते?

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. स्वरूप यांच्या आयुष्याकडे पाहून मला तिचे तीन स्रोत दिसतात.

पहिला स्रोत, न सुटलेला प्रश्न. जीएमआरटी बांधताना त्यांच्या डोळ्यांपुढे हायड्रोजन होता. विश्वातल्या या सर्वांत विपुल मूलद्रव्याच्या अणूपासून २१ सेंटिमीटरची लहर निघते. फार दूरच्या, म्हणजेच फार जुन्या काळातल्या हायड्रोजनची लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन आणखी लांब होऊन आपल्याकडे येते. ती टिपली तर दीर्घिका कशा घडल्या हे कळेल, अशी आशा होती. हा संदेश इतका क्षीण की त्याला पकडायला दशकं लागली. स्वरूप यांचं ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निधन झालं. पुढच्याच महिन्यात पुण्यातल्या त्यांच्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये जाहीर केलं की, सुधारित जीएमआरटीने हजारो दीर्घिकांचे संदेश एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला आहे. प्रश्न माणसापेक्षा मोठा असला की तो माणसानंतरही लोकांना कामाला लावतो.

दुसरा स्रोत, ज्यांनी हात दिला ती माणसं. कृष्णन यांनी पाठवलं, पॉसी यांनी मोकळीक दिली, ब्रेसवेल यांनी घडवलं, भाभांनी विश्वास टाकला. हे ऋण स्वरूप यांनी पुढच्या पिढीला फेडलं. उटीच्या दुर्बिणीवर काम करणारे तरुण अभियंते आणि विद्यार्थी नवखे होते, आणि त्यांच्यातूनच पुढच्या काळाचे नेते घडले. निवृत्तीनंतरही विज्ञानाचं शिक्षण संशोधनाच्या सहवासात व्हावं म्हणून त्यांनी पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. वि. गो. भिडे यांच्याबरोबर प्रस्ताव मांडले. आयसर या संस्थांच्या स्थापनेमागे त्या विचाराचा वाटा आहे. पुण्यातली आयसर २००६ मध्ये सुरू झाली.

तिसरा स्रोत, हाताने काही घडवण्याचा आनंद. रडारच्या सुट्या भागांपासून ताणलेल्या जाळीपर्यंत, यंत्र आपणच घडवायचं आणि त्यातून आजवर न दिसलेलं काही पाहायचं, ही गोडी त्यांना कधी सोडून गेली नाही. ज्याला अशी गोडी लागते त्याला कंटाळवाणी आकडेमोडही कामाचाच भाग वाटते.

यावरून तुम्हाला, आणि विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला, माझं सांगणं असं : प्रेरणेची वाट पाहत बसू नका. एखादी गोष्ट आवडली की त्याच आठवड्यात तिच्याबद्दल वाचा, आणि त्या विषयात काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचा. तुम्ही तर भाग्यवान आहात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदचं हे केंद्र सर्वांसाठी खुलं असतं आणि राज्यभरातले विद्यार्थी तिथे आपले प्रयोग घेऊन येतात. या वेळी तुम्हीही जा. तबकडीबरोबर फोटो काढा, पण तिथल्या एखाद्या अभियंत्याला किंवा संशोधकाला गाठून विचारा : सध्या तुमचा कोणता प्रश्न अडला आहे? शास्त्रज्ञाचं आयुष्य कसं असतं, याचं सर्वांत खरं उत्तर तुम्हाला तिथे मिळेल.